रतनचा अंगठा

टेम्पोतून पेटी उतरवल्यावर सरपंच सुहास गावडे यांनी पहिलं काम केलं ते हे की खिशातला रुमाल काढून पेटीवरचा फोटो पुसला. फोटो त्यांच्या वडिलांचा होता. खाली लिहिलं होतं, 'कै. भाई गावडे स्मृती शवपेटी, खाजणवाडी ग्रामस्थांच्या सेवेत.' फोटोतले भाई हसत होते.

"काका, काय एक काळजी करू नका," सरपंच मला म्हणाले. "आत बर्फासारखा गार पडता. पंधरा दिवस ठेवलात तरी माणूस जसोच्या तसो."

"पंधरा दिवस नको. उद्या दुपारपर्यंत होया. चेडू येतला बडोद्यासून."

वायर खिडकीतून आत घेतली, बटण दाबलं. पेटीत पांढरी ट्यूब लागली. ओटीवरचे लोक "लागली, लागली" म्हणाले. मशीनचा आवाज मात्र आला नाही. मी काचेवर हात ठेवला. काच कोमट होती.

"गार लागणा नाय," मी म्हटलं.

"बाहेरून कसा लागतला काका? गारवो आत असता."

माझी बायको रतन त्याच दिवशी सकाळी गेली होती. बाजारातून बांगडे घेऊन आली, पिशवी मागच्या पायरीवर ठेवली, लिंबाने चोळून हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली. आमची भाताची गिरण घराला लागूनच आहे. पट्टा थांबवून मी चहा मागायला आलो, तर ती तशीच बसलेली. मांजर पिशवीतला बांगडा ओढून नेत होतं आणि ती त्याला हाकलत नव्हती. तेव्हाच मला कळलं.

लिंबाचं सांगायला हवं. जन्मभर मासे खाल्ले, पण हाताला वास राहिलेला रतनला चालत नसे. न्हाणीच्या खिडकीत तिचं अर्धं लिंबू कायम ठेवलेलं असायचं. कोणाच्या मयताला जाऊन आली की आंघोळ करून, केस पिळत एकच बोलायची, "अवो, मी मेलंय की माका ठेव नका. कोणाची वाट बघू नका. माझो वास येता नये. इतकाच करा माझ्यासाठी."

मी दरवेळी हो म्हणायचो. आणि आता आमची मुलगी वैजू फोनवर रडत होती, "बाबा, मला आईला बघायचंय. मी येईपर्यंत नेऊ नका." दोघींपैकी कोणाचं ऐकायचं? जी रडत होती तिचं ऐकलं. म्हणून पेटी.

संध्याकाळी मथुरा तांडेल आली. डोक्यावर टोपली होती, पण टोपलीत मासे नव्हते. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या होत्या, बोटीवरून आणलेल्या.

"पेटयेखाली सारा," ती म्हणाली. "त्या दिव्याच्या भरवशार रवा नका."

मथुरा आमच्या वाडीत मासे घेऊन यायची. तिचं आणि रतनचं भांडण वैजूच्या जन्माआधीपासूनचं, आणि ते रतनच्या अंगठ्यावरून. आमच्याकडे हे पोराटोरांनाही माहीत असतं की मासा मेला की आधी कडक होतो, शेपटीला धरला तर काठीसारखा आडवा राहतो. तो ताजा. मग तो मऊ पडायला लागतो. अंगठ्याने दाबला की खळगा पडतो आणि वर येत नाही. तो शिळा. हे सगळ्यांनाच कळतं, पण रतनच्या अंगठ्याला जरा जास्त कळायचं. मथुरेची टोपली उतरली की बायका आमच्या खळ्यात येऊन हाका मारायच्या, "रतनवयनी, जरा अंगठो लावा गो." रतन जायची. एकेका माशावर अंगठा ठेवायची, एकदाच दाबायची, नीट. मऊ लागला की मथुरेकडे बघून म्हणायची, "मथुरे, ह्याची तिरडी बांध गो. टोपलेत कित्याक ठेवलंस?"

बायका हसायच्या. मथुरा शिवी हासडायची, "शिरा पडो तुझ्या अंगठ्यार!" आणि तो मासा उचलून टोपलीच्या तळाशी टाकायची. पुढच्या वाडीत तोच वर यायचा.

त्या मथुरेने बर्फ आणला होता. पण सरपंच मध्ये उभे राहिले.

"भाईंच्या पेटीक बर्फ? लोक काय म्हणतले? पेटी चलना नाय म्हणतले."

"चलताच खंय ती?" मथुरा म्हणाली.

"दिवो लागलो तो दिसना नाय तुका?"

माझ्या अंगात वाद घालायचं बळ नव्हतं. लाद्या ओटीच्या कोपऱ्यात पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर भेटायला आलेल्या कोणीतरी त्यावर कोकम सरबताच्या बाटल्या आडव्या घातल्या. सरबत छान गार झालं. मलाही एक पेला दिला.

त्या सकाळी, माणसं जमण्याआधी, मी पेटीचं झाकण उघडलं होतं. मला तिचा हात धरायचा होता. पोटावर दोन्ही हात जुळवून ठेवले होते. ते लाकूड झाले होते. बोटांत बोट घालून बघितलं, जाईना. मी झाकण लावलं.

दहाच्या सुमाराला ओटी भरली. मे महिना, वारा नाही. आमच्याकडे वाडीत मयत असेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही, त्यामुळे आदल्या दिवसापासून सगळे चहा-बिस्किटांवर होते. शेजारचा बाबल पेडणेकर पुन्हा पुन्हा माझ्याजवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, अगदी हळव्या आवाजात विचारायचा, "सगुणा, वैजूची गाडी खंय पावली रे?"

"रत्नागिरी सोडल्यान."

"अरेरे," बाबल म्हणायचा आणि पोटावरून हात फिरवत परत जाऊन बसायचा.

पेटीच्या डोक्याशी अर्जुनबुवा बसले होते. ते आमच्या गावचे भजनी बुवा. शेजारच्या गावच्या बुवांशी दरवर्षी त्यांची डबलबारी, म्हणजे भजनांची जुगलबंदी, व्हायची आणि दरवर्षी ते हरायचे. त्या गावाला एका महाराजांचा मठ होता, मठाला मोठं पटांगण होतं, दर गुरुवारी तिथे मुंबईच्या गाड्या लागायच्या. बुवांचं ठाम मत होतं की आपण मठामुळे हरतो.

"काय तेज हा बघा तोंडार," बुवा म्हणाले.

"ट्यूब आसा, बुवानू," मी म्हटलं.

"ट्यूब सगळ्यांकच लावतत. तेज सगळ्यांक येता काय?"

बायका पुढे सरकून बघायला लागल्या. एकजण म्हणाली, खरंच गो. दुसरी म्हणाली, माका कालच दिसलेला.

वैजू आली ती बारा वाजून गेल्यावर. रिक्षातून उतरली आणि चपला न काढता आत धावली. कोणीतरी झाकण उचललं. तिने आईचे जुळवलेले हात दोन्ही हातांनी धरले, कपाळ त्यावर टेकलं, आणि एकदम वर बघितलं.

"बाबा! आईचा हात मऊ आहे!"

मी पुढे झालो. रतनचा हात कोपरात वाकला आणि माझ्या हातात आला. सकाळचं लाकूड नाही. माझी बोटं तिच्या बोटांत गेली, आणि ती बोटं माझ्या बोटांवर मिटली. तो हात माझ्या ओळखीचा होता. खाजणवाडीत जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. पण तो अर्थ माझ्या मनात आलाच नाही. मी ओरडलो, "रतन! अगो रतन!" आणि मग, "डॉक्टराक बोलवा रे!"

ओटीवर पळापळ झाली. सरबताचे पेले लवंडले. अर्जुनबुवा उठून उभे राहिले. जन्मभर जी ओळ सुचली नाही ती सुचल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"मेल्यावर माणूस कडक होता," ते मोठ्याने म्हणाले. "ह्या माउलीचा देह लोण्यासारखो झालो! ह्या मरण नाय. ही समाधी!"

डॉक्टर सामंत आले. त्यांनी रतनची नाडी बघितली, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग मला दंडाला धरून मागच्या दाराने विहिरीकडे घेऊन गेले.

"धुरी, तुमची समजूत झालेली बरी," ते हळू आवाजात म्हणाले. "माणूस गेला की स्नायूंतली प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात. ती सोडवायला शरीरात जोर उरलेला नसतो. म्हणून अंग ताठ होतं. मग आतलेच पाचक रस त्या प्रथिनांचे तुकडे पाडायला लागतात. अडकलेलं सुटतं, अंग सैल पडतं. उन्हाळ्यात लवकर पडतं."

"म्हणजे काय डॉक्टर?"

"म्हणजे उशीर करू नका."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. त्यांनी सांगितलं त्यातला 'प्रथिनं' हा शब्द मला नवा होता. बाकीचं सगळं मला माहीत होतं. टोपलीत रोज बघितलेलं होतं.

"ह्या बाहेर सांगा," मी म्हटलं. "लोक समाधी म्हणतत."

डॉक्टर विहिरीत बघायला लागले. "माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्याचा कागद सरपंचांकडे अडकलाय," ते म्हणाले. "तोही सुटायला हवा ना."

बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "शास्त्राला अजून पुष्कळ गोष्टी कळायच्या आहेत." आणि मोटारसायकल चालू करून निघून गेले. ते जे बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओटीवर उभा राहून म्हटलं, "ती मेली. कालच मेली. चेडवान बघितल्यान, आता न्हेवा. तिका वास येता नये, तिनाच सांगितलेला."

"दु:खान मती फिरता माणसाची," बुवा लोकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, प्रेमाने, "धुरीनू, तुमचो काय एक दोष नाय. दिव्याखाली काळोख असताच. जन्मभर तिच्या वांगडा रवलात, म्हणान तुमका दिसाक नाय."

सरपंच तोपर्यंत जागा ठरवून मोकळे झाले होते. हायवेला त्यांच्या हॉटेलाच्या बाजूचा तुकडा पडून होता. "थय पार्किंगची सोय आसा," ते म्हणाले. "बुवानू, समाधी कशी देतत?"

"मिठात बसवतत. सभोवार मीठ घालून."

"मिठात?" मी म्हटलं. "सुक्या बांगड्यासारखी?"

कोणी हसलं नाही. आदल्या दिवशीपर्यंत याच वाक्याला ही सगळी ओटी हसली असती. बाबल मात्र दुसऱ्याच विचारात होता. तो बुवांच्या जवळ जाऊन, हात जोडून बसला.

"बुवानू, एक इचारू? समाधी म्हणजे मयत नाय."

"नाय."

"मगे सुतक?"

"समाधीक कसला सुतक?"

"म्हणजे चूल पेटवूक हरकत नाय."

बुवांनी डोळे मिटले. त्यांच्या पोटातही कालपासून बिस्किटंच होती. "हरकत नाय," ते म्हणाले.

"आज बुधवार हा," बाबल आढ्याकडे बघत म्हणाला.

बघता बघता वाडीतून धूर निघायला लागला. मथुरेची हाक गल्लीत आली. मी खिडकीपाशी उभा होतो. ज्या बायकांनी आत्ता पेटीपुढे लोटांगण घातलं होतं, त्या मथुरेच्या टोपलीभोवती उकिडव्या बसल्या होत्या आणि एकेक बांगडा दाबून बघत होत्या.

"ह्यो मऊ आसा गो मथुरे. दुसरो दी."

"अगो, सकाळचो हा तो!"

"खंयची सकाळ? परवाची? खळगो बघ केदो पडलो तो."

बाबलच्या बायकोने, सुमनने, चार कडक बांगडे निवडून घेतले. घरी ठेवून आली आणि पुन्हा पेटीपुढे हात जोडून बसली. "काय मऊ हात गो माउलीचो," ती शेजारणीला म्हणाली. "जसो लोण्याचो गोळो."

मला राग यायला हवा होता. पण मी त्यांना काय म्हणणार? मघाशी मीसुद्धा तोच हात धरून ओरडलो होतो.

दुपार कलली तशी पेटीशी उदबत्त्या वाढल्या. आधी चार होत्या, मग पुडेच्या पुडे पेटवले. सरपंचांनी अत्तराची बाटली मागवली. बुवा म्हणाले, "सुगंध येताहा! स्वर्गीय सुगंध!" पेटीच्या काचेवर एक निळी माशी बसली. बुवांनी ती हाकलली. ती फिरून परत बसली. मग दुसरी आली.

वैजू आईच्या पायांशी बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं रडते आहे. ती रडत नव्हती. मी तिचा बाप, मला कळतं. तिने नाक धरलं होतं. आणि मी बघतो आहे हे दिसल्यावर तिने पटकन पदर खाली घेतला आणि आईच्या पायावरून हात फिरवायला लागली, जणू काही झालंच नाही. आईसाठी ती तो वास घेत बसली होती.

मी उठून मागच्या दारी गेलो. पायरीवर मथुरा बसली होती. रिकामी टोपली बाजूला, पाय पसरलेले.

"कितको वेळ ठेवतल्यात?" तिने विचारलं.

"माझा कोण ऐकणा नाय. तू सांग तेंका. तुझा ऐकतले. मासळीतला तुका कळता."

"मी?" मथुरेने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अचकटविचकट बोललो होतो. "मी सांगलंय ती शिळी झाली म्हणान, तर काय म्हणतले? मथुरेन वैर काढल्यान म्हणतले. जितेपणी पुरा पडला नाय, आता मढ्यार काढता म्हणतले." मग नाक शिंकरून म्हणाली, "नि माझ्या तोंडातसून तिका तसा म्हणवत नाय. बांगड्याक म्हणवता. तिका नाय."

"मगे मी तरी कसा म्हणू?"

"तुमी घोव तिचे. तुमीच म्हणूक होया. दुसरो कोण म्हणतलो?"

न्हाणीच्या खिडकीत रतनचं अर्धं लिंबू होतं, कालचं. वाळून वाकडं झालं होतं. मी ते उचललं आणि परत ठेवलं. मग आत गेलो.

अर्जुनबुवा भजन सुरू करायच्या तयारीत होते. हार्मोनियमवाला भाता ओढत होता. मी त्याच्या समोरून गेलो, शवपेटीचं झाकण उघडलं आणि रतनचा हात बाहेर घेतला. कोणाला वाटलं मी नमस्कार करणार. सरपंचांनी तर मोबाइल काढून समोर धरला.

मी तिची बाही वर सारली. कोपराच्या खाली, जिथे मांस असतं, तिथे माझा अंगठा ठेवला. तिच्यासारखा. आणि दाबला. एकदाच, नीट. मग अंगठा उचलला आणि तो हात सुमनच्या समोर धरला, कारण सुमन सगळ्यांत पुढे बसली होती.

खळगा पडला होता.

सुमन बघत राहिली. तिच्या मागच्या बायका मान उंच करून बघत राहिल्या. आम्ही सगळेच तो खळगा वर यायची वाट बघत होतो. मीसुद्धा बघत होतो. मला वाटतं, तिथे जमलेल्या कोणाहीपेक्षा जास्त मी वाट बघत होतो.

तो वर आला नाही.

सुमनच्या उजव्या हाताचा अंगठा तिच्याच बोटांवर घासला जात होता. तिला ते कळत नव्हतं. दुपारी बांगडे दाबलेला तो अंगठा.

काय बोलायचं ते मी ठरवून आलो नव्हतो. तोंडातून निघालं ते माझं वाक्यच नव्हतं.

"हिची तिरडी बांधा गो. पेटयेत कित्याक ठेवलात?"

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. सवयीचं हसू होतं, हे वाक्य आलं की यायचंच. मग तीच बाई मोठ्याने रडायला लागली, आणि तिच्या मागून सगळ्याच. कालपासून आमच्या घरी एवढी माणसं आली होती, पण रतनसाठी रडणं ते तेव्हा सुरू झालं.

"पण तेज..." बुवा म्हणाले.

"बुवानू, गप रवा," सुमन डोळे पुसत म्हणाली. "मऊ आसा ती. आमका कळता." आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा! काय बसलात? बांबू तोडा जावा."

बाबल उठला. एकदा आपल्या घराच्या धुराकडे बघितलं आणि कोयता घेऊन गेला. समाधी गेली तसं सुतक परत आलं होतं. चुली विझवाव्या लागल्या. तव्यावरचे बांगडे, शिजत आलेलं तिखलं, सगळं उचलून बाहेर टाकलं. त्या दिवशी वाडीतल्या मांजरांचा सण झाला. सरपंचांनी कोणाला कळायच्या आत पेटीची वायर काढली. "फुकट लाईट जळता," ते म्हणाले, आणि जाताना मला सांगून गेले, "काका, पेटी धुवून देवा हां. भाईंचो फोटो भिजता नये."

बायकांनी रतनला आंघोळ घातली. मथुरा त्यात होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं आणि कोणी हटकलंही नाही. तिने न्हाणीतून ताजी लिंबं मागून घेतली आणि रतनचे दोन्ही हात लिंबाने चोळले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून. बराच वेळ चोळत होती. बायका म्हणाल्या, पुरे गो. ती थांबली नाही.

सूर्य खाडीत उतरायच्या आत मी अग्नी दिला. आंब्याची लाकडं होती, चांगली सुकलेली. वास आला तो लाकडांचा आला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. हायवेच्या बाजूच्या तुकड्यावर सरपंचांनी शेवटी गाड्या धुवायचं सेंटर काढलं. डॉक्टरांचा वरचा मजला झाला. बुवा अजून हरतात. वैजू दर मे महिन्यात येते आणि बडोद्याला परत जाताना माझ्या फ्रिजमध्ये काय काय ठेवू नये ते सांगून जाते.

मासे मी मथुरेकडूनच घेतो. ती टोपली उतरवते, फडकं बाजूला करते आणि म्हणते, "दाबून बघा धुरीनू."

"तू देतलंस ते दी," मी म्हणतो.

मी मासा दाबत नाही. त्या दिवसानंतर अंगठा कशावरही ठेवून दाबला नाही. गिरणीचं बटणसुद्धा मी बोटाने दाबतो. मथुरेने याबद्दल कधी विचारलं नाही. कडक, चकाकणारे बांगडे निवडून माझ्या ताटात घालते आणि जाते.

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. तिने ताटात चार बांगडे घातले. त्यातला एक घालतानाच मान टाकून लोंबकळला. दाबायची गरज नव्हती, लांबूनही दिसत होतं. मथुरेलाही दिसत होतं. तिने मुद्दामच घातला होता. घालून ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी ताट उचललं.

"दिसणा नाय तुमका?" ती म्हणाली.

"दिसता."

"मगे बोला मरे कायतरी!"

मला बोलता येईना. मथुरेने मागे वळून बघितलं. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. मग तिने तो मऊ बांगडा ताटातून उचलला, डोळ्यांसमोर धरला, ओठ वाकडे केले आणि म्हणाली, "मथुरे, ह्याची तिरडी बांध गो. टोपलेत कित्याक ठेवलंस?"

हुबेहूब रतनचा आवाज. तो जरासा नाकातून येणारा, शेवटाला चढणारा. मी दाराची चौकट धरली.

मथुरेने बांगडा अंगणात फेकला. मांजर तो घेऊन पळालं. तिने टोपली खालून वर ढवळली, एक कडक बांगडा काढून माझ्या ताटात ठेवला, आणि टोपली डोक्यावर घेऊन गल्लीतून मोठमोठ्याने म्हणत गेली, "शिरा पडो तिच्या अंगठ्यार! शिरा पडो!"